अबूबकर चाचांचा पहिला आकडा

देवव्रत सरांना दोनशे शब्दांची सक्सेस स्टोरी हवी आहे. फोटोसकट. विषय : "इंग्रजी क्लासमुळे एका सहभागीला हॉस्पिटलमध्ये आपली वेदना प्रभावीपणे मांडता आली." हे वाक्य त्यांनी आधीच लिहून पाठवलंय, मी फक्त त्याच्या आजूबाजूला मजकूर भरायचा. आता मी तिथे होते. माझ्या डोळ्यांसमोर सगळं झालं. आणि "प्रभावीपणे" हा शब्द वाचून मला आधी इतकं हसू आलं आणि मग इतका राग आला की मी जेवण तसंच टाकून लॅपटॉप उघडला. दोनशे शब्दांत बसणार नाही. सॉरी सर.

तर अबूबकर चाचा.

मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. तरुणपणी कतारला आले ते एका मासेमारीच्या लाँचवर स्वयंपाकी म्हणून. त्यांची बायको हजरा चाची सांगते की ते जेवण इतकं भयानक करायचे की मालकाने त्यांना जिवाच्या भीतीने किनाऱ्यावर उतरवलं आणि मासे विकायला बसवलं. तिथून पुढे चाचांनी मागे वळून बघितलं नाही. आता त्यांची स्वतःची बर्फाची व्हॅन आहे. अल रुवैसच्या बंदरावर सकाळी लिलाव लागतो, तिथे ते मासळी घेतात आणि हॉटेलांना पोचवतात. राहतात जवळच, मदिनत अश शमालमध्ये, एका दुकानाच्या वरच्या फ्लॅटमध्ये. मुलगा जैद इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजमध्ये आहे. तो शुक्रवारी येतो आणि येऊन झोपतो.

चाचांचा चेहरा बघण्यासारखा आहे, कारण त्यावर बघण्यासारखं काहीच नसतं. कोरी भिंत. लग्नाच्या फोटोत तोच चेहरा, जैदच्या बारशाच्या फोटोत तोच, रेसिडेन्सी कार्डावर तोच. मी एकदा त्यांच्याबरोबर लिलाव बघायला गेले होते. समोर हमूरची, म्हणजे इथल्या सगळ्यात महागड्या माशाची एक नंबर पेटी, नुसती चमकत होती. सगळे व्यापारी तिच्याभोवती. आणि चाचा पाठ फिरवून शेरी नावाच्या एका स्वस्त, मरतुकड्या माशाकडे असे बघत उभे, जणू आयुष्यात हीच घ्यायला आलो होतो. मग मधेच, जाता जाता, हमूरवाल्याला एक आकडा बोलले. तो इतका कमी होता की त्या माणसाने अरबीत चाचांच्या घराण्याची विचारपूस केली. चाचा शांतपणे निघाले. त्याने हाक मारली. चाचा थांबले नाहीत. त्याने परत हाक मारली. अर्ध्या तासात पेटी व्हॅनमध्ये.

"छोटी मॅडम," चाचा मला म्हणाले, "पयला आकडा कधी खरा नसता. पयला आकडा म्हणजे दारावरची बेल. वाजवायची आणि गप उभा राहायचा. आतला माणूस येतो."

हे फक्त माशांपुरतं असतं तर ठीक होतं. पण चाचा न्हाव्याशी घासाघीस करतात, मोबाईल कंपनीच्या कॉल सेंटरशी करतात. एकदा फार्मसीवाल्याशी केली. त्याने पाच दिवस गोळ्या घ्यायला सांगितल्या, चाचा म्हणाले, तीन दिवसात करा ना, आपलं नेहमीचं येणं-जाणं आहे.

आता आमच्या क्लासबद्दल. प्रोजेक्टचं नाव फार मोठं आहे, ते बॅनरवर दोन ओळीत आलंय. साध्या भाषेत सांगायचं तर बाहेरून आलेल्या कामगारांना आणि त्यांच्या बायकांना इंग्रजी शिकवायचं, आणि इंग्रजीतूनच तब्येतीचं ज्ञान द्यायचं. एका दगडात दोन पक्षी, असं देवव्रत सर म्हणतात. ते पुण्याचे, एका कंपनीत सेफ्टी बघतात आणि आमचे कोऑर्डिनेटर आहेत. गळ्यात आयकार्ड, हातात फोन, तोंडात "इम्पॅक्ट". शिकवते माझी आई. विभावरी मॅडम. नाशिकला शाळेत पंधरा-सोळा वर्षं शिकवलेलं, बाबांच्या गॅसच्या नोकरीपायी इकडे आली आणि तेव्हापासून तिच्याकडे शिकवायला फक्त मीच होते. ते माझ्यासाठी फार वाईट दिवस होते. त्यामुळे हा प्रोजेक्ट आल्यावर सगळ्यात जास्त आरोग्य कुणाचं सुधारलं असेल तर माझं.

मला असिस्टंट म्हणून नेलं, सीव्हीसाठी चांगलं म्हणून. दर शुक्रवारी दुपारी अल खोरच्या आमच्या घरून शमालला गाडी हाणायची, टी-शर्ट घालायचा (सगळे एक्सएल, कारण कोटेशन एक्सएलचं होतं) आणि चार्ट चिकटवायचे.

पहिला धडा होता उष्माघाताचा. एसी बंद पडलेला. आई घाम पुसत वाचतेय, "अव्हॉईड द सन इन द आफ्टरनून." सगळ्यांनी मोठ्याने म्हटलं. मागे एक नेपाळी दादा बसतो, बांधकामाच्या परांचीवर चढून काम करणारा. त्याने हात वर केला आणि हिंदीत विचारलं, "मॅडम, ये मैं किसको बोलूं? सूरज को या फोरमन को?"

आई म्हणाली, "ते पुढच्या युनिटमध्ये आहे."

नव्हतं. मी पुस्तक बघितलंय.

हजरा चाची क्लासला आली ती मात्र स्वतःहून, आणि कारण ठरवून आली. तिचा गुडघा दुखतो. डॉक्टरकडे जायचं तर चाचा बरोबर, कारण तिला इंग्रजी येत नाही आणि चाचांना बंदरावरचं येतं. ती कोकणीत सांगायची, रात्रभर झोप नाही, जिना चढवत नाही, नमाजला बसवत नाही. चाचा डॉक्टरला सांगायचे, "स्मॉल पेन." बस. खलास.

"मी एवढा मोठा सांगितला आणि यांनी दोन शब्दात गुंडाळला," हजरा चाची पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाला म्हणाली. "माज्या दुखण्याला पन डिस्काउंट! म्हनून मी आली. मला माझा मला बोलायचा हाय."

चाचा तिला सोडायला आले होते. दारातच उभे होते. आत समोसे आणि करक चहा फुकट आहे हे त्यांना दिसलं आणि पुढच्या शुक्रवारी त्यांचंही नाव रजिस्टरमध्ये. समोसे मोठे बघून निवडायचे, हे वेगळं सांगायला नको.

मग आला तो पेन स्केलचा धडा.

तुम्ही बघितला असेल तो चार्ट. शून्य ते दहा. शून्यावर हसरा गोल चेहरा, दहावर रडणारा. डॉक्टर विचारणार, दहापैकी किती दुखतंय, आणि तुम्ही आकडा सांगायचा. आईने तीन वेळा समजावलं. मला वाटलं, यात न समजण्यासारखं काय आहे?

चाचांचा हात वर. "मॅडम, आधी कोन बोलनार? डॉक्टर की आमी?"

"डॉक्टर विचारणार, तुम्ही सांगणार."

"म्हंजे पयला आकडा आमचा." चाचांनी मान हलवली. त्यांना हे अजिबात आवडलं नव्हतं. "आनि डॉक्टर किती बोलतो?"

"डॉक्टर काही बोलत नाही अबूबकरभाई. लिहून घेतो."

"असा कसा? काहीच बोलत नाय?"

आईने मला डॉक्टर केलं आणि चाचांना पेशंट. रोल प्ले. मी माझ्या एक्सएल टी-शर्टमध्ये गंभीर चेहरा करून विचारलं, "हाऊ मच इज युवर पेन, सर?"

"यू टेल, डॉक्टर."

"नो, यू टेल."

"अदर पीपल, हाऊ मच दे टेल?"

वर्ग हसायला लागला. मी म्हटलं, "सर, प्लीज, वन नंबर."

चाचांनी चार्टकडे पाठ केली. खिडकीबाहेर बघितलं. आणि जाता जाता म्हणाले, "टू."

"अरे पण तुमचा पाय मोडलाय!" आई ओरडली, कारण रोल प्लेमध्ये पाय मोडलेला होता.

"म्हनूनच टू," चाचा म्हणाले. "एकदम नऊ बोललो तर तो समजेल हा फसला. मग काय पन घेईल. टू बोलायचा. तो बोलेल, काय चेष्टा करता, सात तरी असेल. मग आमी बोलनार, बरा, सहा. दोघं खूश."

नेपाळी दादाने टाळ्या वाजवल्या. देवव्रत सरांनी फोटो काढला. आई खुर्चीत बसली आणि म्हणाली, "अबूबकरभाई, हा लिलाव नाही. डॉक्टर तुमचाच माणूस असतो. खरा आकडा सांगायचा. कळलं?"

"कळला मॅडम," चाचा म्हणाले. त्याच चेहऱ्याने.

देवव्रत सरांनी त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये लिहिलं, "पेन स्केल : शंभर टक्के आकलन."

त्यानंतरच्या एका शुक्रवारी चाचा क्लासला आले तेच मुळात रागात. म्हणजे चेहरा तोच, पण आवाज रागात. आठवडाभर त्यांच्या पोटात उजवीकडे, बरगड्यांच्या खाली दुखत होतं. जेवलं की जास्त. तर ते कुठल्याशा लहान क्लिनिकमध्ये जाऊन आले होते. एकटेच, हजरा चाचीला न सांगता.

"काय शिकवताव तुमी?" ते आईला म्हणाले. "डॉक्टरने विचारला, हाऊ मच पेन. मी बोललो टू. आनि तो बोलला..." त्यांनी वर्गाकडे बघितलं, सगळ्यांना साक्षीला धरल्यासारखं. "तो बोलला, ओके!"

"मग?"

"मग काय! ओके! पयल्या आकड्याला ओके! मॅडम, एवढा शिकलेला मानूस, अंगावर पांढरा कोट, आनि पयल्या आकड्याला ओके बोलतो? मी थांबलो. दारापर्यंत गेलो. हाक नाय मारली. गॅसची गोळी दिली आनि पुढचा पेशंट!"

मी इतकी हसले. सगळे हसले. हजरा चाची हसली नाही. ती म्हणाली, "तुमचा खरा किती होता?" चाचा म्हणाले, "ते महत्त्वाचा नाय, त्याने विचारायला पायजे होता." आणि विषय संपला. आईने त्या दिवशी भाज्यांची नावं घेतली.

पुढचा शुक्रवार. मी समोशांची ट्रे फिरवतेय. चाचांपाशी आले. चाचा म्हणाले, "नको."

मला आधी कळलंच नाही. मी ट्रे तशीच धरून उभी. अबूबकर चाचा फुकटचा समोसा नको म्हणतायत. मी त्यांच्याकडे नीट बघितलं. चेहरा तोच, कोरी भिंत. पण भिंतीला ओल आली होती. कानामागून घाम, एसी चालू असताना. डोळे पिवळट.

"चाची," मी हळू आवाजात विचारलं, "हे बरे आहेत ना?"

हजरा चाची चार्टकडे बघत म्हणाली, अगदी सरळ आवाजात, "आज पोर्टवर नाय गेले."

बस. माझ्या हातातली ट्रे मी कुठे ठेवली आठवत नाही. जो माणूस स्वतःच्या मुलाच्या साखरपुड्याला बर्फाच्या व्हॅनमधून उशिरा आला, तो आज लिलावाला गेला नाही. मी ओरडलेच, "आई, हॉस्पिटल! आत्ता!"

आई म्हणाली, ॲम्ब्युलन्सला फोन कर. आमच्याकडे त्याचाही धडा झाला होता, नऊशे नव्याण्णव, पत्ता सांगा, घाबरू नका. तेवढ्यात चाचा उठून उभे राहिले, भिंतीला धरून.

"ॲम्ब्युलन्स नाय."

"अबूबकरभाई, हट्ट करू नका."

"मॅडम, ती गाडी आरडत येनार. इथून रुवैस किती लांब? उद्या सगळा बंदर बोलेल, अबूबकर गेला. अबूबकर आडवा. मग माझ्या पेट्या कोन सोडनार माझ्यासाठी? जे आज मला भाव देतात ते उद्या मला फाडून खातील. नाय. गॅस हाय. घरी जातो."

"बघा, मी यात पडत नाही," देवव्रत सर म्हणाले. "पण जायच्या आधी जरा अटेंडन्सची सही झाली तर, आणि एक ग्रुप फोटो... नंतर लोक पांगतात."

मी सरांना काय बोलले ते इथे लिहीत नाही, आई वाचेल.

आई वर्ग सांभाळायला थांबली आणि मी गाडीची किल्ली घेतली. हजरा चाचीने नवऱ्याचा दंड धरला आणि कोकणीत कानात काहीतरी सांगितलं. काय ते मला ऐकू आलं नाही, पण चाचा एका शब्दाने न घासता गाडीत बसले. यावरून समजा.

रस्ताभर मी बोलत होते. मला गप्प बसता येत नाही, घाबरले की तर अजिबात नाही. "चाचा, प्लीज, तिथे आकडा खरा सांगा. प्लीज. ते घासत नाहीत. ते लिहून घेतात."

"यल्ला, रस्त्याकडे बघ," चाचा म्हणाले.

"प्रॉमिस करा."

"इन्शाल्ला."

आता इथल्या लोकांना मी काय सांगू, इन्शाल्ला म्हणजे बहुतेक वेळा गोड शब्दात "नाही". तेव्हाच मला समजायला हवं होतं.

हॉस्पिटलमध्ये पोचलो. इमर्जन्सीच्या काउंटरवर एक नर्स, दमलेली, पण बोलायला नीट. बीपी घेतलं, ताप बघितला. थोडासाच होता. तिने विचारलं, "एनी मेडिसिन टुडे?" चाचा म्हणाले, "नो." मग तिने तोच प्रश्न विचारला. ज्याच्यासाठी आम्ही चार्ट केला होता. ज्याच्यासाठी मी रोल प्लेमध्ये डॉक्टर झाले होते.

"सर, आऊट ऑफ टेन, हाऊ मच पेन?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. खिडकी नव्हती, म्हणून भिंतीवरच्या हात धुण्याच्या पोस्टरकडे बघितलं.

"फोर," ते म्हणाले.

नर्सने चार टाईप केलं आणि म्हणाली, प्लीज वेट.

"चाचा!!"

"काय चाचा? टू होता, त्याचा फोर केला ना? डबल!" ते कुजबुजले. "आता ती बोलेल बघ."

ती काही बोलली नाही. ती पुढच्या माणसाचं बीपी घेत होती. आम्ही बसलो. एक माणूस बोट कापून आला, तो आत गेला. एक बाई चक्कर आली म्हणून आली, ती आत गेली. ज्याने सात सांगितलं तो गेला, ज्याने आठ सांगितलं तो तर धावत नेला. चाचा खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून बसलेले, नजर काउंटरवर. ते हाक मारायची वाट बघत होते. मला रडू यायला लागलं. मी उठून काउंटरवर जाऊन काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव करत होते, एक्स्क्यूज मी, ॲक्च्युअली, देअर इज अ कल्चरल...

माझं वाक्य तिथेच अडकलं, कारण हजरा चाची उठली होती. दुखऱ्या गुडघ्यावर. सरळ काउंटरपाशी. मागे तीन माणसं उभी होती, त्यांना कोपराने बाजूला केलं.

"सिस्टर," ती म्हणाली. "माय हजबंड, फिश मॅन."

नर्सने वर बघितलं. "सॉरी?"

"फिश मॅन. मार्केट. ही बाईंग, यू सेलिंग. यू अंडरस्टँड?" नर्सला अर्थातच काही अंडरस्टँड झालं नाही. हजरा चाची थांबली नाही. आईने सहा महिने शिकवलेलं एकही वाक्य तिने वापरलं नाही. आय हॅव नाही, ही हॅज नाही, सिन्स नाही, फॉर नाही. "फोर इज नॉट फोर. फोर इज स्टार्ट प्राईस. होम, नो ईट. नाईट, व्हेरी हॉट, बेड ऑल वेट. मॉर्निंग, नो पोर्ट. ट्वेंटी फाय इयर, नेव्हर नो पोर्ट! अँड ही टेलिंग लाय, सिस्टर. कार बिफोर, टू पॅनाडॉल, फीवर टॅबलेट. आय सॉ. लाईक ओल्ड फिश, पुटिंग वॉटर, लुकिंग फ्रेश."

मागून चाचांचा आवाज आला, "हजरा!" पहिल्यांदाच मी त्यांना दुखावलेलं ऐकलं. माशावर पाणी मारण्याचं गुपित बाहेर काढलं होतं ना.

"यू राईट नाईन," हजरा चाची म्हणाली आणि काउंटरवर बोट आपटलं. "लास्ट प्राईस."

ती नर्स मल्याळी होती की फिलिपिनो, मला आता आठवतही नाही, मी रडत होते. पण ती उठली. बाहेर आली. चाचांना व्हीलचेअरवर बसवलं, शर्ट वर केला आणि उजव्या बरगडीखाली दोन बोटांनी हलकेच दाबलं.

आणि ती भिंत कोसळली. मी कसं सांगू. चाचांचा तो चेहरा, ज्याच्यावर मुलाच्या बारशालाही काही उमटलं नव्हतं, तो लहान मुलासारखा सगळा गोळा झाला. तोंडातून आवाज आला नाही, नुसतं पाणी आलं डोळ्यांतून. नर्सने आकडा विचारला नाही. ती व्हीलचेअर घेऊन पळालीच.

सोनोग्राफी झाली. पित्ताशय सुजलेलं, आत पू. डॉक्टर म्हणाले, आज आणलंत ते बरं केलंत, फुटलं असतं तर अवघड होतं. संध्याकाळीच ऑपरेशन. जैद इंडस्ट्रियल एरियातून मित्राची गाडी घेऊन आला, वाटेत फाईन लागला असणार. ऑपरेशन चालू होतं तेव्हा हजरा चाची बाहेर बाकावर बसून राहिली, तसबीहचे मणी फिरवत. मी तिला म्हटलं, चाची, तुम्ही कसलं भारी बोललात. ती म्हणाली, "माज्या गुडघ्यासाठी शिकत होती ग बाय मी. गुडघा राहिला की तसाच."

दुसऱ्या दिवशी मी आणि आई भेटायला गेलो. चाचा शुद्धीवर, नाकात नळी, आणि डॉक्टरांशी वाद चालू. डॉक्टर म्हणत होते, अजून काही दिवस ठेवू. चाचा म्हणत होते, उद्या सोडा. डॉक्टर म्हणाले, बघू. चाचांचे डोळे चमकले, "बघू" म्हणजे आतला माणूस दारापर्यंत आला. पण मग डॉक्टरांनी विचारलं, आता वेदना किती, दहापैकी? चाचांनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी मान वळवून हजरा चाचीकडे बघितलं.

"सिक्स," हजरा चाची म्हणाली.

"फाय," चाचा म्हणाले.

चाचीने नुसतं बघितलं.

"सिक्स," चाचा म्हणाले. डॉक्टरांनी सिक्स लिहिलं आणि गेले. म्हणजे आता उलटं झालंय, ती त्यांची दुभाषी. फरक एवढाच की ती डिस्काउंट देत नाही. आईने तिथेच तिच्या गुडघ्याचं नाव काढलं आणि तिच्या नावाची अपॉइंटमेंट घेऊन टाकली. चाचा बरोबर जाणार नाहीत, अशी अट हजरा चाचीने आधीच घातली.

आई आणि चाची बाहेर चहा आणायला गेल्या. चाचांनी मला बोटाने जवळ बोलावलं.

"छोटी मॅडम. कालचा खरा आकडा सांगू? कुनाला बोलायचा नाय."

मी खाली वाकले.

"दहा," ते म्हणाले. मग छताकडे बघत, "तुमच्या चार्टात दहाच्या वर काय नाय काय? रात्री मला वाटला, आता सकाळ नाय बघत. हजरा झोपली होती बाजूला. उठवली नाय."

"का नाही उठवलं चाचा?" मी म्हटलं. "का? तिच्याशी कसला लिलाव?"

ते चादरीची घडी सरळ करत राहिले. मला वाटतं त्यांना खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं बेल वाजवून बाहेर उभा राहिलेला माणूस. आत आपलंच माणूस आहे, दार उघडंच आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नसेल.

आता देवव्रत सर, "वेदना प्रभावीपणे मांडता आली" हे वाक्य तुम्ही ठेवणारच असाल तर निदान कुणाची वेदना कुणी मांडली ते तरी लिहा. आणि ग्रुप फोटोत हजरा चाची नाही, ती तेव्हा गाडीत होती.

आई आणि हजरा चाची चहा घेऊन परत आल्या तेव्हा उशीपाशी चाचांचा फोन वाजत होता. बंदरावरचा एक व्यापारी, अमान, चाचांच्या शेजारीच उभा राहून लिलाव बोलतो आणि चाचांच्या पेट्यांवर ज्याचा डोळा आहे तो. चाचांचा चेहरा पडला. त्यांना हात उचलवत नव्हता. फोन वाजत राहिला.

हजरा चाचीने चहा माझ्या हातात दिला आणि फोन उचलला.

"हां अमानभाई. सलाम. नाय ओ, काय झाला नाय, जरा गॅस झाला होता. हां, आराम करतायत. झोपलेत आत्ता. हमूर आली तर ठेवा बाजूला, जैद येईल घ्यायला. भाव? भाव तेच बोलतील आल्यावर."

बोलताना ती पाठ फिरवून खिडकीबाहेर पार्किंगकडे बघत होती, जणू जगात त्या पार्किंगइतकं महत्त्वाचं काही नाही. मी पुढे होऊन तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. कोरी भिंत. पलंगावर अबूबकर चाचा तिच्याकडे टक लावून बघत होते, आणि टाके दुखत असूनही हसत होते.